चुलीतल्या राखेचा स्पा

मड बाथ, सॉल्ट स्क्रब, हॉट स्टोन, अरोमा... वीकएंडला गोव्याच्या वाटेवरच्या एखाद्या रिसॉर्टचं मेन्यूकार्ड उघडा, जेवणापेक्षा आंघोळीचेच प्रकार जास्त सापडतील. त्याच वाटेवर, कुडाळच्या अलीकडे-पलीकडे, कौलारू घरांच्या मागच्या बाजूला एक स्पा रोज दुपारी चकटफू चालतो. अपॉइंटमेंट लागत नाही. क्लायंट सगळ्या कोंबड्या. आणि ट्रीटमेंट? चुलीतली राख!

हसू नका. कोंबडी पाण्याने आंघोळ करत नाही, धुळीने करते. चिमण्या करतात, मोर करतो, तितर करतात, तशीच. आणि हा नुसता टाइमपास नाही. पिसांवरचं जुनं, चिकट झालेलं तेल त्या धुळीत उतरतं, पिसं पुन्हा फुलतात आणि पिसांच्या बुंध्याशी दडून बसलेल्या उवांची पंचाईत होते. ज्या घरात गावठी कोंबडी म्हणजे बाईची पर्स, तिथे हा मामला सौंदर्याचा नाही, सरळ पैशांचा आहे.

मी गेले ती जुलैत. कोकणकन्या रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी कुडाळला सोडते. पावसाळी वेळापत्रकात जरा जास्तच आरामात, पण खिडकीबाहेरचा हिरवा रंग बघता तक्रार करण्यात अर्थ नाही. स्टेशनवरून रिक्षाने वीसेक मिनिटं. चिऱ्याचे गडगे, लावणीची शेतं, इरलं जाऊन आता प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतलेल्या बायका, आणि मग घर. होमस्टेत दोन रात्री राहायचं, उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी खायची, याहून मोठा प्लॅन नव्हता.

घर चालवतात काकी आणि त्यांची सून. काकी साठीच्या पुढच्या. सून माझ्याच वयाची, सगळं बुकिंग मोबाइलवर सांभाळणारी. शिवाय अकरा कोंबड्या, दोन कोंबडे आणि पिल्लांची मोजदाद नाही.

मागच्या पडवीत, पागोळ्यांपासून चांगलं हातभर आत, ट्रकचा एक जुना टायर आडवा टाकला होता. त्यात राखाडी, भुरभुरीत काहीतरी. दुपारी जेवून उठलो तेव्हा त्यात एक तांबडी कोंबडी कुशीवर पडली होती. मान वाकडी, एक पाय ताणलेला, डोळा अर्धा मिटलेला. शहरातला माणूस हे पहिल्यांदा बघतो तेव्हा किंचाळतोच, असं सून म्हणाली. मेमध्ये पुण्याची एक फॅमिली तर ‘तुमची कोंबडी गेली’ म्हणून खळ्यात धावत आली होती. काकींचं त्यावर एकच उत्तर असतं, “अगो, मराक नाय ती. न्हाता!”

थोडं थांबून बघितलं तर खरंच न्हात होती. आधी चोचीने आणि पायाने राख उकरायची, मग बसकण मारायची, पंखांनी राख अंगावर उडवायची. पिसं अशी फुगवायची की राख थेट कातडीपर्यंत जावी. मग एका कुशीवर, मग दुसऱ्या. डोकंसुद्धा राखेत घासायचं. मध्येच पाच मिनिटं नुसतं निपचित पडायचं, तीच ती ‘मेलेली’ पोज! शेवटी उठून उभी राहिली आणि अंग असं झाडलं की सगळ्या पडवीत ढग. वीस-पंचवीस मिनिटांचं सेशन. रोज नाही, साधारण एक दिवसाआड, आणि बहुतेक वेळा भर दुपारी. एकीने सुरुवात केली की दुसरी येऊन तिच्या अंगाला अंग लावून पडते. टायरमध्ये एका वेळी तिघी मावतात, चौथी चोच मारून आपली जागा करते. लोकल ट्रेनचा लेडीज डबाच.

ही सवय त्यांना कुणी शिकवलेली नाही. अंड्यांच्या मोठ्या पोल्ट्री फार्ममध्ये कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात असतात. एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. खाली माती नाही, राख नाही, काहीच नाही. तरी ती कोंबडी तारेवर बसून हीच सगळी अॅक्शन करते. न दिसणारी धूळ उकरते, न दिसणारी धूळ अंगावर घेते. शास्त्रज्ञांनी याला खोटी आंघोळ म्हटलंय. युरोपियन युनियनने २०१२ पासून असे उघडे-बोडके पिंजरे बंद केले, आणि कोंबडीला उकरायला-टोचायला भुसा किंवा माती मिळालीच पाहिजे असं कायद्यात घातलं. आपल्याकडे पिंजरे चालू आहेत. ब्रेकफास्टचं ऑम्लेट खाताना आठवलं तर बघा.

कुडाळहून सावंतवाडीमार्गे आंबोलीच्या घाटात चढलात तर रस्त्याकडेला कधीतरी करडा रानकोंबडा दिसतो. तोही याच कुळातला. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो ते या करड्या रानकोंबड्याकडून आलं, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांचं आजोळ थोडंसं आपल्या सह्याद्रीच्या बाजूला. हे काकींना सांगितलं, तर त्यांनी फक्त ‘असात’ म्हटलं.

पाऊस आणि सुकी माती

पण मग नुसती माती का नाही? राखच कशाला? इथे कोकण कोकण आहे हे लक्षात घ्यायला लागतं. देशावर उन्हाळ्यात, किंवा इथेच डिसेंबरात, कोंबडी झाडाखाली स्वतःच खड्डा करते आणि त्यात लोळते. कुणी काही द्यायची गरज नाही. सिंधुदुर्गात मात्र जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परस, खळं, मांगराची बाजू, सगळीकडे चिखल. “पावसात सुकी माती खय गावतली?” काकींचा साधा प्रश्न. आणि नेमक्या याच चार महिन्यांत, दमट हवेत, कोंबड्या खुराड्यात एकमेकींना खेटून बसलेल्या असताना उवा आणि बारीक किडे माजतात.

घरात कोरडी, भुरभुरीत, रोज ताजी तयार होणारी एकच वस्तू असायची, ती म्हणजे राख. आणि तिच्या अंगी एक गुण असतो. ती ओल शोषते. उवेच्या, किडीच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे तिच्या शरीरातलं पाणी टिकतं. कोरडी बारीक पूड हा थर खरवडते, शोषून घेते आणि कीड वाळून मरते. कडधान्य राखेत घोळून ठेवलं की भुंगा लागत नाही, त्यामागेही थोड्याफार फरकाने हेच कारण. काकींच्या घरात मूग आणि वाल अजून राखेतच असतात. मासे साफ करताना हातातून निसटू नयेत म्हणून राख, परसातल्या वेलावर मावा पडला तर राख, पितळेच्या घागरीला राख. राखणदाराला वर्षातून एकदा कोंबड्याची राखण द्यायची, आणि बाकीचं वर्षभर कोंबड्यांना राख! शब्दांचा हा खेळ माझा आहे, त्यांचा नाही. त्यांना तो फारसा आवडलाही नाही.

उवा असतात कुठे, ते सुनेने दाखवलं. रात्री कोंबडी शांत असते, तेव्हा ती काखेत धरायची आणि शेपटीखाली, गुदद्वाराच्या आसपासची पिसं उलटी करायची. गव्हाळ रंगाचे, तिळाहून लहान जीव उजेडापासून पळताना दिसले तर उवा. पिसांच्या बुडाशी पांढुरके गठ्ठे चिकटलेले दिसले तर ती त्यांची अंडी. उवेचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो, म्हणून आंघोळीचा तिच्यावर उपयोग होतो. लाल किड्यांची गोष्ट वेगळी. ते दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. कोंबडी कितीही न्हाली तरी खुराडं साफ केल्याशिवाय ते जात नाहीत. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात जायला-बसायला का-कू करते, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, ही त्यांची खूण. सून खुराड्याच्या फळ्या महिन्यातून एकदा बाहेर काढते आणि फटींवर उकळतं पाणी ओतते.

सून हे सगळं करते ते हौस म्हणून नाही. होमस्टेच्या पाहुण्यांना गावठी अंडं हवं असतं, कुडाळच्या बाजारातही गावठी अंड्याला पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट तरी भाव येतो. कोंबडीला उवा झाल्या की ती खात नाही, अंगावरची पिसं उपटते, खुडूक बसलेली असेल तर अंड्यांवरून उठते आणि अख्खा घाणा वाया जातो. हे पैसे घरखर्चाच्या हिशेबात येत नाहीत. ते काकींचे असतात, आणि आता थोडे सुनेचेही.

गॅस आला आणि...

आता खरी अडचण. राख येणार कुठून?

या घरात स्वयंपाकाला गॅस येऊन बरीच वर्षं झाली. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यातल्या अनेकांकडे २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर आला. चूल गेली हे उत्तम झालं, याबद्दल काकींच्या मनात जराही शंका नाही. गावच्या चुलीवरचं जेवण, तो धूर, तो सुगंध वगैरे आपण शहरात बसून बोलतो. फुंकणी काकी फुंकत होत्या! “गॅस इलो आणि माझो खोकलो गेलो,” एवढं त्या म्हणतात आणि विषय संपवतात. घरातल्या चुलींच्या आणि इंधनाच्या धुरामुळे जगभरात २०२० या एका वर्षात अंदाजे ३२ लाख माणसं दगावली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा चुलीबद्दल गळा काढायचा असेल तर आधी कुणाच्या गळ्याचा विचार करायचा, हे ठरवावं लागेल.

पण गॅसला राख नसते.

काकींच्या घरात एक चूल अजून पेटते. न्हाणीतली पाणचूल. तिच्यात नारळाची सोडणं, पिडे, वाळलेल्या झावळ्या जातात. आंघोळीचं पाणी तापतं आणि रोज दोन ओंजळी राख उरते. तीच टायरमध्ये जाते. खालच्या वाडीतल्या एका घरात पाणचूलही गेली, गीझर आला. तिथल्या बाईंनी दोन पावसाळे कोंबड्या सांभाळल्या आणि मग सोडून दिल्या. कारणं बरीच होती, मुंगूस होतं, मुलगा मुंबईला गेला होता. पण पावसाळ्यात कोंबड्या उवांनी हैराण व्हायच्या हेही त्यांनी सांगितलं. बाजारातून पावडर आणून मारली की पंधरा दिवस बरं, पुन्हा तेच.

पुन्हा तेच का, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगात सापडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोकळ्या ठेवलेल्या कोंबड्यांना आंघोळीसाठी पेट्या दिल्या. कशात डायटोमेशियस अर्थ नावाची खनिज पूड, कशात केओलिन माती, कशात गंधक. जी कोंबडी पेटीत न्हायली, तिच्या अंगावरचे किडे आठवड्याभरात ८० ते १०० टक्के कमी झाले. पण खनिज पूड आणि केओलिनच्या पेट्या काढून घेतल्यावर काही आठवड्यांत किडे परत आले. गंधकाचा परिणाम मात्र नऊ आठवड्यांपर्यंत टिकला, आणि जी कोंबडी पेटीत गेलीच नाही तिच्याही अंगावरून किडे गेले. तिथे चुलीची राख तपासलेली नव्हती, त्यामुळे राखेला तोच आकडा चिकटवता येणार नाही. पण आंघोळ सतत मिळायला हवी, एकदाच देऊन भागत नाही, हे त्यातून पक्कं कळतं. आणि सततचं म्हणजे रोज पेटणारी चूल!

तुमच्याकडे कोंबड्या असतील तर

मुळशीला, कर्जतला फार्महाउस घेऊन चार कोंबड्या पाळणारी मंडळी माझ्या ओळखीतही आहेत. त्यांच्यासाठी काकींची रेसिपी, त्यांच्याच मापात. तीन घमेली कोरडी बारीक माती आणि वाळू, एक घमेलं चाळलेली राख. नुसती राख कधीच नाही. राख क्षारयुक्त असते, भिजली की तिचं तिखट पाणी होतं. जुन्या काळी त्याच पाण्याने कपडे धुवायचे. तेच पाणी कोंबडीच्या कातडीला आणि डोळ्यांना लागलं तर भाजल्यासारखं होतं. सोडणांच्या राखेत तर पोटॅशियम भरपूर, म्हणजे आणखी जपायचं. म्हणून टायर पागोळ्यांपासून आत, आणि मिश्रण ओलं झालं की सरळ माडाच्या आळ्यात. माडाला ते चालतं.

राख पूर्ण थंड हवी. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, आणि काकी ती पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवल्याशिवाय वापरत नाहीत. चाळायचं कारण खिळे आणि करवंटीचे अणकुचीदार तुकडे. चाळताना तोंडाला पदर, आणि टायर हवेशीर जागी. कोंबडीची फुप्फुसं नाजूक असतात, कोंदट खुराड्यात राखेचा धुरळा म्हणजे एक रोग घालवून दुसरा आणणं.

आणि लाकूड कुठलं जाळलंय ते माहीत असायलाच हवं. रंग दिलेलं दार, प्लायवूड, प्लॅस्टिकचा कचरा, दगडी कोळसा, यातलं काहीही चुलीत गेलं असेल तर ती राख कोंबड्यांना नाही. शहरात म्हणूनच कोपऱ्यावरच्या बेकरीतून राख मागून आणू नका. मुंबईच्या अनेक बेकऱ्यांच्या भट्ट्यांत भंगारातलं फर्निचर जळत आलंय. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला असं सांगितलं, तेव्हा तो सोर्स तसाही आटणारा. खनिज पूड ऑनलाइन मिळते, पण तिचाही धुरळा नाकात जाऊ द्यायचा नाही.

राखेला देवही करू नका. राणीखेत आली की राख काही करत नाही, तिला लसच लागते. बर्ड फ्लूचंही तसंच. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातली पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आली, तेव्हा मोठ्या पोल्ट्रींसोबत आसपासच्या घराघरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तेच. काकींना ते टीव्हीवर बघितलेलं आठवतं. इतक्या लांबच्या बातमीने त्या वर्षी कुडाळच्या बाजारात त्यांची अंडी कुणी घेतली नव्हती.

दोन पिंपं

तर पाणचूल. सुनेला तीही काढायची आहे. दिवाळीनंतर छपरावर सोलर बसवायचा, न्हाणीला टाइल्स लावायच्या आणि पाहुण्यांना नळाखाली गरम पाणी द्यायचं. तिचं म्हणणं चूक म्हणता येणार नाही. पहाटे पाच वाजता ओली सोडणं पेटवत धुरात बसायचं काम तिच्याच वाट्याला येतं. शिवाय होमस्टेच्या रिव्ह्यूंमध्ये ‘आंघोळीचं पाणी बादलीतून’ ही तक्रार तिने स्वतः वाचलेली आहे. काकींचं म्हणणं, पावसात सोलर काय तापवणार, आणि कोंबड्यांना राख कुठून आणू? पहिल्या मुद्द्याला सुनेकडे उत्तर होतं, सोलरला विजेचा बॅकअप असतो. दुसऱ्याला नव्हतं.

रात्री जेवताना हा वाद माझ्यासमोर पुन्हा झाला. आवाज चढले नाहीत, पण पेजेत मीठ दोनदा पडलं. मग सूनच म्हणाली, “आई, भात उकडतो त्याची राख?”

झालं असं की मेमध्ये या भागात घरचा भात उकडून घेतात. खळ्याच्या कडेला तीन दगडांवर मोठं भांडं, खाली ओंडके, दोन-तीन दिवस जाळ. उकडे तांदूळ त्यातूनच होतात. हे काम उघड्यावर चालतं, वर्षातून एकदा, आणि घरात धूर भरत नाही. त्याची जी राख होते ती आजवर माडांना जायची. शेजारच्या तीन घरांचा भातही इथल्याच खळ्यात उकडतो.

काकी जेवून उठल्या, हात धुतला आणि बॅटरी घेऊन मांगरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी हिशेब केलेला होता. टायरला पावसाळ्यात आठवड्याला एक घमेलं राख, म्हणजे चार महिन्यांना सोळा-सतरा घमेली. झाकणाची दोन पिंपं लागतील. एक मांगरात आहे, पण त्याला खाली भोक पडलंय. दुसरं सुनेने कुडाळहून आणायचं, सोलरवाल्याला अॅडव्हान्स द्यायला जाईल तेव्हाच.